इथे कोणी रडत नाही

१२ जून, गुरुवार

पोचले एकदाची. सामान वर चढवलं, आंघोळ केली आणि आता खिडकीत बसून हे लिहिते आहे. मन प्रसन्न आहे हे आधीच नोंदवून ठेवते, कारण मी आठवड्याभरात रडत परत येईन अशी पुण्याच्या मैत्रिणींनी पैज लावली आहे.

‘जालना सोने का पालना’ हे रिक्षावाल्याने मला स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंत ऐकवलं. सोनं काही दिसलं नाही. रोलिंग मिलांचा धूर दिसला, बियाण्यांच्या कंपन्यांच्या लांबच लांब भिंती दिसल्या, आणि एका मोटारसायकलवर चौघे कामगार दिसले, त्यातला एक पेट्रोलच्या टाकीवर. पाळणा मात्र खरा निघाला. मी जिथे नोकरीला आले आहे ते ‘सोनपाळणा शिशुगृह’ या धुराच्या मधोमध आहे. पिवळी दुमजली इमारत, पुढे झोके, भिंतीवर ससे आणि हत्ती. चितारणाऱ्याने हत्ती कधी पाहिलेला नसावा. खाली कामगारांच्या मुलांचं पाळणाघर आणि बालवाडी, मागच्या बाजूला निवासी खोल्या, म्हणजे ज्यांचे आईबाप ऊसतोडीला किंवा रातपाळीला जातात त्या मुलांसाठी. आणि वर मी.

माझा हुद्दा ‘बालसंरक्षण अधिकारी’. संस्थेला कागदोपत्री तशी एक व्यक्ती हवी होती आणि मला नोकरी हवी होती. एखाद्या मुलावर घरी किंवा शाळेत अत्याचार होत असेल तर तो ओळखायचा आणि वर कळवायचा, हे काम. पुण्यात दोन वर्षं मी हेच शिकले. दाराशी लाल रंगाची तक्रारपेटीही टांगली आहे. इथलं सगळ्यात मोठं मूल सहा वर्षांचं. ते त्या पेटीत काय लिहून टाकणार, गमभन?

अध्यक्ष काकासाहेब भेटले. पांढरे कपडे, पांढरे बूट, आणि बोलता बोलता भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोकडे पाहायची सवय. माझं नाव दैवशाला म्हटल्यावर खूश झाले, ‘आपल्याकडचंच की’ म्हणाले. आहेच. आमचं गाव घनसावंगीच्या अलीकडे. तिथे ऊस पिकतो, कापूस पिकतो, अक्कल तेवढी पिकत नाही. म्हणून तर पुण्याला पळाले होते.

एकच माणूस मनापासून आवडलं. संचालिका द्वारकाताई. पन्नाशीच्या, सुती साडी, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागतं. त्यांनी स्वतः मला खोली दाखवली. इथली मुलं फार गुणी आहेत, तुला अजिबात त्रास व्हायचा नाही, म्हणाल्या. या धुरळ्यात एक तरी सुसंस्कृत माणूस आहे म्हणायचं.

१६ जून, सोमवार

आज शाळा भरली. चाळीसेक पोरं आणि आवाज नाही. पुण्यात ज्या महागड्या पाळणाघरात मी उमेदवारी केली तिथे पाच पोरं पंचवीस जणांचा गोंधळ घालायची आणि त्यांच्या आया त्याला ‘व्यक्त होणं’ म्हणायच्या. इथे ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ असं कोणाला सांगावंही लागत नाही. बोटही नाही, पूर्ण तळहात तोंडावर. पाहून डोळे निवले.

दुपारी एक पोरगं पायरीवरून पडलं. गुडघा चांगला फुटला, रक्त आलं. मी धावले, आता टाहो फुटणार म्हणून. त्याने दोन्ही हात तोंडावर दाबले आणि डोळ्यांतून नुसतं पाणी गाळलं. हुंदकासुद्धा नाही. द्वारकाताईंना मी याचं रहस्य विचारलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, रडणाऱ्याला मी स्वयंपाकघरात बाजूला घेऊन समजावते, बस. खरंच समजावतात. सकाळी एक पोर आईला चिकटून किंचाळत होतं, त्याला त्या आत घेऊन गेल्या आणि थोड्या वेळाने ते हातावर गुळाचा खडा घेऊन शहाण्यासारखं बाहेर आलं. पालक तर ताईंवर बेहद्द खूश. एक बाप मला मुद्दाम थांबवून सांगत होता, ‘घरी आलं तरी चूं करत न्हाई मॅडम, लई गुणाचं झालं.’

एकच अपवाद. भावना नावाची चार वर्षांची मुलगी, नवीनच आली आहे. दोन्ही वेण्यांना निळ्या रिबिनी, आणि तोंड म्हणजे आकाशवाणी. आल्या आल्या माझ्या ओढणीचं टोक धरून तिच्या पप्पाच्या मिलमध्ये केवढी भट्टी आहे ते सांगत बसली. मधूनच गाणं. सुराशी वैर, पण दम भारी. मला वैताग आला आणि गंमतही वाटली.

मदतनीस चांगुणाबाई हा मात्र अस्सल नमुना. गालात तंबाखू, कामाचा कंटाळा. पोरं यायच्या आधीच चहा करून थर्मासात भरून ठेवते आणि दिवसभर तोच कढ पाजते. मी ताजा करायला उठले तर आडवी आली. ‘पोरं आल्यावर गॅसला हात न्हाई लावायचा मॅडम. म्या करून ठेवला नं सकाळीच.’ गॅस काय हिच्या माहेरचा आहे? पण पहिल्याच दिवशी कोण भांडणार. प्यायले.

२४ जून, मंगळवार

माझं शिक्षण कामी आलं! भावना आठवडाभर गप्प गप्प होती. गाणं बंद. जेवण अर्धं. दुपारी झोपेत चड्डी ओली केली. कोणी मागून गेलं की अंग चोरते. ही सगळी लक्षणं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत, म्हणून आज हात धुताना तिची बाही वर केली. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे सहज नजर जात नाही तिथे, काळपट लाल गोल डाग. ताजा भाजल्याचा.

बिब्बा! पाहताक्षणी ओळखला. पोराला खोकला झाला, पोट फुगलं, की बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि त्याचं उकळतं तेल पोराच्या अंगाला लावायचं, हे आमच्या भागातलं महान वैद्यकशास्त्र. डाग जन्मभर राहतो. माझ्याही पोटावर आहे एक, दोन वर्षांची असताना घातलेला, त्यामुळे पुण्यात मी कधी पोहायला गेले नाही. आमच्याकडे पोटावर घालतात, यांनी दंडावर घातला. गाव तितक्या तऱ्हा. मोबाइलवर रील बघतात, पोराला खोकला झाला की बिब्बा. यांना आईबाप म्हणायचं!

चांगुणाबाईला डाग दाखवला तर तिने तोंड फिरवलं आणि केर काढायला लागली. तिच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. तिच्या स्वतःच्या अंगावर दहा असतील.

द्वारकाताईंनी डाग बघितला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, या वस्तीतल्या बायकांना किती सांगायचं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, तू लक्ष घाल. मी घालणारच.

३ जुलै, गुरुवार

भावनाच्या आईला गेटवर गाठलं. बेबीनंदा तिचं नाव. बियाण्याच्या कंपनीत दाणे निवडते, बायकांनी खच्चून भरलेल्या टेम्पोतून येते, डोक्यापासून पायापर्यंत धूळ. मी शांतपणे, पण ठणकावून विचारलं, पोरीला बिब्बा का घातला.

तिने पदराने तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाली, ‘आमच्यात बिब्बा घालीत न्हाईत मॅडम. आमच्या सासऱ्यानं दाराला लिंबू-मिरची सुदिक बांधू दिली न्हाई कधी. बुद्धविहारात जाऊन भाषणं करीत व्हते त्याच्यावर.’ पोरीला खोकला झाला तर सरकारी दवाखान्यात नेतो, म्हणाली. असं सगळेच सांगतात. बाहेर भाषणं, घरात बिब्बा. वस्तीतल्या बायकांचं मला काय नवीन?

मी पुढे रेटलं तेव्हा तिचा आवाज चढला. पोरगी झोपेत उठून बसते, तोंड दाबून बसते, असं कधीच करत नव्हती, असं काहीसं सांगायला लागली. ‘मीच तुम्हाला इचारणार व्हते. इथं कोणी काही करतं का तिला?’ वा! चोराच्या उलट्या बोंबा. ज्या शिशुगृहाने पोरीला कपडे, जेवण, अक्षरं दिली त्याच्यावरच ढकलायचं. खोटं बोलणाऱ्या पालकाचं हे पहिलं लक्षण असं आमच्या पुस्तकात ठळक अक्षरात आहे.

तिचा नवरा बुद्धभूषण रोलिंग मिलमध्ये. तो मोटारसायकल बंद न करता रस्त्यावरूनच ऐकत होता. एवढंच म्हणाला की बाईच्या डोक्यात आधीच ठरलेलं दिसतं. हो, ठरलेलं आहे. शिक्षणाने ठरतं.

अहवाल लिहायला बसले. द्वारकाताई शेजारी बसल्या आणि एखादा शब्द सुचवत राहिल्या. ‘जूनमध्ये प्रथमच आढळले’ हे त्यांनी आवर्जून घालायला सांगितलं.

११ जुलै, शुक्रवार

बालकल्याण समितीपुढे सुनावणी झाली. मी बोलले आणि छान बोलले. बेबीनंदा पदर तोंडाला लावून रडत होती, बुद्धभूषण कोणाशी तरी हुज्जत घालत होता, त्याने त्याचीच बाजू पडली. जो जास्त ओरडतो तो दोषी, इतका सोपा हिशेब असतो लोकांचा. या वेळी हिशेब बरोबर होता इतकंच.

चौकशी पुरी होईपर्यंत भावनाला सुरक्षित ठिकाणी ठेवायचं ठरलं. सुरक्षित ठिकाण म्हणजे आमच्याच निवासी खोल्या, द्वारकाताईंच्या देखरेखीखाली. काकासाहेबांनी मला गुच्छ दिला आणि फोटो काढून घेतला. त्यात ते पुढे आणि मी गुच्छामागे.

भावना आली तेव्हा कोणाशी भांडली नाही. आईचा हात सोडून सरळ द्वारकाताईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. वरच्या कार्यालयातून आलेले साहेब म्हणाले, बघा, लेकराला कळतं माया कुठे आहे. मला भरून आलं.

१८ जुलै, शुक्रवार

बेबीनंदा रोज कामावरून सुटली की गेटबाहेर उभी राहते. ओरडत नाही. नुसती गजाला धरून उभी. काल वॉचमनने हटकलं तर पलीकडच्या टपरीशी जाऊन थांबली. हा तमाशा कशासाठी? बिब्बा घालताना नाही आठवलं का?

भावना आता सगळ्यांसारखी झाली आहे. हालचाल बेतानं, हात तोंडावर. आज मी तिला तिचं गाणं म्हणायला सांगितलं. तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. रिबिनी कुठे गेल्या विचारलं तर हात पुन्हा तोंडावर.

बरं वाटायला हवं होतं. तेवढं वाटलं नाही. डोकं दुखत असेल.

२९ जुलै, मंगळवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

चांगुणाबाई केदारखेड्याला दहाव्याला गेली, म्हणून थर्मास रिकामा. द्वारकाताई काकासाहेबांकडे. म्हटलं, आज ताजा चहा. स्वयंपाकघराचं दार बालवाडीच्या मोठ्या खोलीत उघडतं. गॅस सोडला, लायटर दाबला. ठिणगी पडेना. पुन्हा दाबला. टक. टक. टक.

मागे काहीतरी बदललं. आवाज नव्हताच, पण होती ती खुडबुडही थांबली. मी वळले.

सगळी पोरं उभी होती. प्रत्येकाचा उजवा तळहात तोंडावर. आणि डावा हात— डावी बाही खांद्यापर्यंत वर केलेली आणि हात माझ्यापुढे धरलेला. सगळ्यांचा. ज्याला बाही वर करता येत नव्हती त्या पोराला शेजारची मोठी मुलगी मदत करत होती.

सगळ्यात पुढे भावना. तिच्या दंडावर आता एक डाग नाही. तीन आहेत.

मी लायटर टाकला. काही नाही, काही नाही, खेळा, म्हणाले. कोणी हललं नाही. द्वारकाताई येईपर्यंत ती तशीच उभी होती. ताईंनी खोलीवर एक नजर टाकली, जमिनीवरचा लायटर उचलला, पदराने पुसला आणि जागेवर ठेवला. मग माझ्याकडे बघून गोड हसल्या.

३० जुलै, बुधवार

सकाळी आरशासमोर कुडता वर करून उभी राहिले. माझ्या पोटावरचा बिब्बा. कडा फाटलेल्या, तेल ओघळलं तिथे शेपटीसारखी काळी रेघ. बिब्ब्याचा डाग असाच असतो. कधीच गोल नसतो. हे मला ठाऊक होतं. रोज आंघोळ करताना बघते मी तो.

भावनाचे डाग गोल आहेत. स्वच्छ, रुपयासारखे, सारख्या मापाचे. स्वयंपाकघरात पितळी पळी आहे, तिच्या दांड्याचं टोक चपटं आणि गोल आहे. मी आज हातात धरून पाहिली.

पोरीवर दोन वर्षांचं शिक्षण पाजळलं आणि स्वतःच्या पोटाकडे एकदा बघितलं नाही. वस्तीतली बाई म्हटल्यावर मला बघायची गरजच वाटली नाही. उंटावरची शहाणी. थू माझ्यावर.

चांगुणाबाई परतली. तिला कोपऱ्यात घेऊन विचारलं. तिने तोंडातली तंबाखू थुंकली आणि म्हणाली, ‘तुम्ही काल पेटिवला नं गॅस?’ एवढंच. मी म्हणाले, तुला माहीत होतं, तू गप्प का बसलीस. तर म्हणे मी चहा आधीच करून ठेवत होते नं, दिवसातून एक डाव तरी पोरांचा जीव वाचावा म्हणून. म्हणजे हिने एवढं केलं. थर्मास भरला. वर्षानुवर्षं थर्मास भरला! मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग आठवलं, हिने निदान भावनाला रात्रंदिवस द्वारकाताईंच्या हवाली तरी केलं नाही. ते मी केलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

वरच्या कार्यालयात फोन केला. माझा आधीचा अहवाल चुकीचा आहे, मुलीला ताबडतोब आईकडे द्या, म्हणाले. साहेब हसले. मॅडम, तुम्हीच लिहून दिलंय ना, सही तुमचीच आहे, आता काय पगाराचं बिनसलं का. सोमवारी येऊन बघतो म्हणाले. हे साहेब! यांना खुर्चीवरून उचललं तर खुर्चीला जास्त समजेल.

तासाभरात द्वारकाताई वर आल्या. म्हणजे साहेबांनी लगेच कळवलं. माझ्या खाटेवर बसल्या, माझी उशी मांडीवर घेतली. त्यांना राग आलेला नव्हता. तेच भयंकर. म्हणाल्या, रडणाऱ्या पोरावर माया केली की ते आणखी रडतं. घरोघरी बिब्बा घालतातच की, हेही औषधच. ‘एकदा डाग बसला की पोर जन्मभर शहाणं राहतं. एकही आई तक्रार घेऊन आलेली नाही, बाळा. सगळ्यांना शांत पोरच हवं असतं. तुलाही आवडलं होतं.’

आवडलं होतं. डोळे निवले असं लिहिलंय मी. वर आहे.

मी पोलिसांत जाईन म्हणाले. त्यांनी उशी नीट जागेवर ठेवली. जूनमध्ये प्रथमच आढळले, आणि तू जूनमध्ये आलीस, एवढंच म्हणाल्या.

४ ऑगस्ट, सोमवार

साहेब आले. चहा, बिस्किटं, काकासाहेब. मुलीला एकटीला विचारा, ओळखीचं कोणी समोर नको, हा पहिला नियम आहे, असं मी ओरडून सांगितलं. ओरडले. जो जास्त ओरडतो तो—

भावनाला द्वारकाताईंच्या मांडीवर बसवून विचारलं. मांडीवर! बेटा, कोणी डाग दिला, घाबरू नको. एक हात ताईंचा तिच्या केसांतून फिरत होता.

भावनाने खोलीभर पाहिलं. हात उचलला. माझ्याकडे बोट दाखवलं.

ताईंनी पदराने डोळे पुसले. काकासाहेब म्हणाले, शिकलेले लोक असे निघतात. उद्या पोलीस येऊन जबाब घेतील, तोवर खोली सोडायची नाही. चांगुणाबाई दारात उभी होती. तोंड फिरवलं.

५ ऑगस्ट, मंगळवार. दुपार

भावना वर आली. एकटी, जिना चढून, पोरांची निजायची वेळ असताना. दारात उभी.

विचारलं, माझ्याकडे बोट का दाखवलंस? रागावून नाही, देवाशपथ रागावून नाही.

म्हणाली, ‘तुमी डाग देत न्हाई नं.’

तीनदा समजून घेतलं तेव्हा कळलं. जी डाग देते तिचं नाव घेतलं की आणखी बसतो. जी देत नाही तिचं घेतलं तर काही होत नाही. चार वर्षांची आहे. अहवाल माझ्यापेक्षा चांगला लिहिला असता.

दार लावलं. कडी घातली. खाट ओढून दाराला. आता शिक्षण-बिक्षण नाही, अधिकारी-बिधिकारी नाही.

हेल्पलाइनला फोन. फोनवरच्या मुलीने मध्ये न बोलता सगळं ऐकलं. पहिलं माणूस ज्याने ऐकलं. पथक निघतं आहे, मुलीला सोडू नका, आणि जे घडेल ते घडेल तसं लिहीत राहा. म्हणून लिहिते आहे. दाराला पाठ लावून.

मग बेबीनंदाला. कोणत्या तोंडाने— पण केला. शिवी देईल वाटलं. दिली नाही. ‘पोरगी बोलून राह्यली का?’ विचारलं. हो म्हणाले. रडली की हसली कळलं नाही. कंपनीतून निघाले, मिलवरून त्यांना घेते, म्हणाली. आणि म्हणाली, ‘दार उघडू नका मॅडम. मी येईस्तोवर काय बी झालं तं उघडू नका.’

नाही उघडणार. हे एक तरी नीट करीन.

जिन्यावर पावलं. सावकाश. घाई नाहीच द्वारकाताईला कधी.

दार वाजवलं. मऊ. भावना, बाळा, चल, दूध प्यायचंय ना. इतका मऊ आवाज की ऐकायला— नाही ऐकायचं.

खाली वॉचमनचा आवाज. काकासाहेबांचा. कुलूप, पहार, असं काहीतरी. ती त्यांना थांबवते आहे. म्हणते, नको, तोडू नका. पोर स्वतःच येईल.

भावना उठली.

नको म्हणाले. मम्मी येते आहे, आत्ता येते, टेम्पोत बसली आहे. माझ्या तोंडाकडे बघते. विश्वास नाही. कसा असेल. मीच तर आईचा हात—

माझी ओढणी धरून ओढते आहे. दोन्ही हातांनी. रडत नाही. रड गं, मोठ्याने रड, सगळ्या एमआयडीसीला ऐकू जाऊ दे—

गेटवर मोटारसायकल? की मिलचा भोंगा. कळत नाही.

पुन्हा हाक. दुसरी. भावना बोटांवर मोजते आहे. तिसऱ्या हाकेच्या आत जायचं असतं, म्हणते.

‘सरका नं मॅडम. जल्दी गेलं तं एकच—